वाफेची हाक

इस्पितळाच्या धुलाईघरात एक रेडिओ होता. त्याला बटण नव्हतं, म्हणून तो बंद करता येत नसे. सकाळी दार उघडलं की सुरू, आणि संध्याकाळी शेवटच्या चादरीची घडी होईतो सुरूच. हा रेडिओ म्हणजे माणूस, बरं का. चांगला धडधाकट, पोट थोडं सुटलेला, गरम रुळाखालून ओल्या चादरी सरकवून इस्त्री करणारा. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी पुकारलं जाई, आणि तेव्हा तो स्वतःच मान वळवून बघे, की हा नवीन कोण लागला!

रेडिओ नकला करायचा. नकला म्हणजे काय एकेक! धुलाईघराच्या साहेबांची शिंक घ्या. साहेब शिंकायचे तेही सरकारी पद्धतीनं. आधी नुसता श्वास वर, मग जरा विचार, मग मंजुरी, आणि मग स्फोट. रेडिओनं ती शिंक अशी काही उचलली होती, की एकदा रुळापाशी उभं राहून त्यानं ती काढली आणि पलीकडच्या खोलीत साहेबांनी खिशातून रुमाल काढून स्वतःचं नाक पुसलं. आपणच शिंकलो असं वाटलं त्यांना! घडी टेबलावरच्या मावशी त्या दिवशी हसता हसता उशांच्या अभ्र्यांच्या ढिगावर बसल्या त्या उठेचनात.

तर अशा या रेडिओला एक साडू होता, आणि तोही त्याच धुलाईघरात. बायका सख्ख्या बहिणी. रेडिओची थोरली, साडूची धाकटी. साडूला तिथं चिकटवला तोही रेडिओनंच. साडूला सगळे मौनी म्हणत, कारण त्याच्या तोंडून दिवसभरात जे काही निघे ते सगळं मिळून एका 'हं'मध्ये मावत असे. चहा हवा? हं. घरी सगळे बरे? हं. एकदा त्याच्या पायावरून भरलेली ढकलगाडी गेली, तेव्हाही तो 'हं'च म्हणाला, फक्त जरा लांब.

रेडिओचा त्याच्यावर फार जीव. उंच दिसायचं असेल तर माणूस शेजारी एखादं ठेंगणं स्टूल ठेवतो आणि त्या स्टुलाला जपतोही, तसला जीव. सासऱ्यांकडे जेवायला बसले की मौनीच्या पाठीवर थाप मारून रेडिओ म्हणे, "आमच्या धाकट्या जावयांना भात वाढा हो, ते मागायचे नाहीत!" सगळे हसत. मौनीही हसे. रेडिओला वाटे, आपण सगळ्यांची किती काळजी घेतो.

मौनीचं काम वाफेच्या कॉकवर, म्हणजे तोटीवर. रुळांना आणि धुण्याच्या मोठ्या पिंपांना पाइपातून वाफ येई, आणि त्या पाइपात पाणी साचे. ते अधूनमधून कॉक उघडून बाहेर सोडावं लागे. सोडलं की पाण्यामागून वाफेचा लोट जमिनीलगत असा काही धावत यायचा, की मध्ये पाय असला तर पाय भाजलाच. म्हणून कॉक उघडण्याआधी मौनी हाक देई, "वाफ!" आणि ती ऐकली, की ज्यानं त्यानं हातातलं हातात ठेवून मागं सरायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही, आधी सरायचं. मागं सरायचं नाही ते फक्त हाक देणाऱ्यानं. त्याचा हात कॉकवर.

दिवसभर मुका असलेला माणूस ही एकच हाक अशी खणखणीत द्यायचा, की नवी माणसं दचकून विचारत, हा कोण बोलला? नव्या माणसाला पहिल्या दिवशी मावशी एकच गोष्ट सांगत. "चहाला उशीर कर, घडी वाकडी घाल, साहेबांना शिव्या दे. पण ही हाक खोटी द्यायची नाही. गमतीतसुद्धा नाही." रेडिओनं मावशींचं चालणं काढलं, साहेबांची शिंक काढली, बंद पडत्या पिंपाचं कण्हणं काढलं. ती हाक मात्र त्यानं कधी काढली नाही.

आता खिडकीचं सांगतो, कारण सगळं त्या खिडकीवरून झालं.

धुलाईघराला इस्पितळाच्या बाजूनं एक खिडकी होती. वॉर्डांतल्या नर्सबाया, आया, कधी रोग्यांचे नातेवाईक त्या खिडकीशी येत. चादर कमी आली, अंगरख्याला डाग राहिला, ब्लँकेट भलत्याचंच आलं. तिथं बसणारा जुना माणूस निवृत्त व्हायला आला होता. त्याला ऐकू कमी येई, म्हणून तर तो इतका टिकला. रेडिओचा जीव त्या खिडकीत अडकला होता. खुर्ची, वर पंखा, आणि रोज समोर नवीन माणसं! रुळापाशी तीच ती मंडळी, त्यांना सगळ्या नकला पाठ. खिडकी म्हणजे काय, कधीही न संपणारे प्रेक्षक. बायकोला त्यानं सांगूनही टाकलं होतं, "खिडकी आपलीच धर. तिथं जीभ लागते, आणि जीभ इथं दुसऱ्या कुणाला आहे?" तिनं ते धाकटीला सांगितलं होतं, म्हणजे आता सगळ्यांना माहीत होतं.

पण खिडकीवरची भांडणं फार वाढली. एका नर्सबाईनं ओल्या कपड्यांचं बोचकं खिडकीतून आत भिरकावलं, आतून तेच बोचकं बाहेर गेलं, आणि ते नेमकं मोठ्या डॉक्टरांना लागलं. मग वरून हुकूम आला. माणसांना बोलायला, ऐकायला शिकवा. आणि शिकवायला आल्या कोण? तर नाटकवाल्या बाई.

बाई बारीक, केस कापलेले, पायात कापडी बूट. नाटकातून माणसांना घडवायचं हेच त्यांचं काम. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की पाळी सुटली की रोज थोडा वेळ बाईंकडे बसायचं, शेवटी सगळ्यांनी मिळून एक नाटक करायचं, आणि ते बघून मी खिडकीवर माणूस नेमणार. हे ऐकलं आणि रेडिओला आपल्या नशिबाचं हसूच आलं. नाटक! म्हणजे माशाला सांगितलं, की पोहण्याची परीक्षा आहे.

पहिल्या दिवशी घडीची टेबलं भिंतीला लावली आणि रेडिओ न सांगता मधे जाऊन उभा राहिला. मावशींचं चालणं काढलं. एक खांदा खाली, एक हात कमरेवर, पाय असे, की जमिनीवर उपकार करतायत. सगळे खो खो हसले. बाईसुद्धा हसल्या, अगदी मनापासून. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "छान. पण मावशी निघाल्यात कुठे?"

"म्हणजे?"

"चालतायत ना त्या? मग कुठे तरी निघाल्या असतील."

रेडिओनं मावशींकडं पाहिलं. मावशी म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतोस? मी तर इथं बसलेय."

पुन्हा हशा झाला, पण तो रेडिओचा नव्हता. आपल्या खोलीत दुसऱ्याच्या नावावर पिकलेला हशा त्यानं पहिल्यांदाच ऐकला. पायात खडा गेल्यासारखं वाटलं त्याला.

मग बाईंनी सगळ्यांना जोडीनं उभं केलं. हातात काही नाही, आणि मोठी चादर दोघांनी मिळून घडी करायची. रेडिओनं त्यात चादरीत गुरफटून पडायची गंमत केली. कोपऱ्यात मावशींसमोर मौनी उभा होता. त्यानं नसलेल्या चादरीची दोन टोकं धरली, मावशींकडं बघून मान हलवली, आणि झटका दिला. आता चादर नव्हतीच, तरी मावशींनी तोंडावर हात धरला! "मेल्या, पाणी उडवलंस," म्हणाल्या, आणि मग आपला कोरडा हात बघितला. बाकीचे आपला खेळ सोडून बघायला लागले. मौनी चादर ताणत होता, मावशी नकळत पुढं येत होत्या, कोपऱ्याला कोपरा लागत होता. रेडिओ जमिनीवर पडला होता तो पडूनच राहिला. त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, "ही बघा चादर."

तेव्हापासून रेडिओच्या पोटात काहीतरी जळायला लागलं. जेवल्यावर वाढे, झोपताना वाढे. बायकोनं ओवा दिला.

"ओव्यानं काय होतंय? तो मला बघून करतो सगळं," रेडिओ म्हणाला.

"कोण?"

"तुझ्या धाकटीचा नवरा."

"अहो, पण ते तर काहीच करत नाहीत म्हणे. नुसते उभे राहतात आणि बघणाऱ्यांना रडू येतं. धाकटी सांगत होती."

"नुसतं उभं राहणं ही काय कला आहे? मग आपलं कपाट घेऊन जातो उद्या."

बायको हसली. पण तिचं हसू रेडिओला पूर्वीइतकं गोड लागलं नाही. तो ते तपासत बसला. कपाटावर हसली, की माझ्यावर?

आणि बाईंचे खेळ काही संपेनात. एकदा आरशाचा खेळ. एकानं हलायचं, समोरच्यानं आरसा व्हायचं. रेडिओ आणि मौनी जोडी आली. रेडिओनं भराभरा हात फिरवले, तोंडं केली, म्हटलं याला दमवतो. मौनी बिचारा मागे पडला. बाई म्हणाल्या, "आता उलटं." मौनीनं एक हात अगदी सावकाश वर नेला. इतका सावकाश, की रेडिओला तेवढं थांबताच येईना. त्याचा हात आधीच वर पोचला आणि तिथं वाट बघत बसला, बसथांब्यावरच्या माणसासारखा. सगळे हसले. एकदा नुसत्या 'ये'चा खेळ. आधी रागानं 'ये' म्हणायचं, मग मायेनं, मग भीत भीत. मौनीनं मायेनं 'ये' म्हटलं, आणि धुण्याच्या पिंपावरचा राकट गडी खरोखर उठून त्याच्यापाशी गेला. मग काय करायचं न कळून परत येऊन बसला.

मौनी बदलत होता. धुलाईघरात आता तो 'हं'च्या पुढं 'हो' म्हणायला लागला. एक दिवस चहावाल्याला म्हणाला, "साखर कमी." आख्ख्या खोलीत ती बातमी झाली. रेडिओ पुटपुटला, "साखर कमी म्हणाला तर केवढं कौतुक! मी इतकी वर्षं बडबडतोय, त्याचं काहीच नाही?" मावशींनी घडीवरून मान वर न करता सांगितलं, "तुला कोण नको म्हणतंय? पण वाजतोय म्हणून पंख्याकडं कुणी बघतं का?"

नाटक सगळ्यांनी मिळूनच रचलं. गोष्ट साधी. म्हाताऱ्या रोग्याला डाग असलेली चादर जाते, त्याची लेक जाब विचारायला खिडकीशी येते, मागोमाग वॉर्डातली सगळी माणसं येऊन ओरडायला लागतात. आणि खिडकीतला माणूस त्यांना काय बोलतो, ते नाटक. म्हणजे नाटकातही खिडकीच! रेडिओनं कामं वाटायच्या आदल्या रात्रीच मिशी कोरून ठेवली.

प्रत्येकानं तो खिडकीतला माणूस करून बघायचा होता. रेडिओनं असा काही केला, की पोटं दुखली. एका कानानं ऐकू न येणारा, चादर उलटी धरून डागच दिसत नाही म्हणणारा, शेवटी डागालाच विचारणारा, "काय हो, तुम्ही कुठल्या वॉर्डाचे?" बाई टाळ्या वाजवून हसल्या. मग मौनी उभा राहिला. लेक झालेल्या मावशींनी चादर पुढं टाकली आणि तोंडाला येईल ते बोलल्या.  मौनीनं चादर उचलली, डाग उजेडाकडं धरला, बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या हातून गेली ही."

एवढंच. मावशी बोलायच्या थांबल्या. त्यांना पुढं भांडायचं होतं, पण भांडायला काही उरलंच नाही.

बाईंनी खिडकीतलं काम मौनीला दिलं. आणि रेडिओला म्हणाल्या, "तुमच्याकडं सगळे आवाज. फोन, लिफ्ट, वॉर्डातली घंटा, ढकलगाडी. तुमच्यासारखे आवाज कोण काढणार? आणि पडद्याची दोरीही तुमच्याच हातात. सुरुवात तुम्ही, शेवट तुम्ही."

"म्हणजे मी पडद्यामागं?"

"पडद्यामागंच."

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, की सगळं नाटक माझ्याच हातात दिलंय. ते खोटं नव्हतं. पण सांगताना त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

नाटकाच्या दिवशी दुपारी इस्पितळाचं सभागृह भरलं. पुढं डॉक्टर आणि नर्सबाया, मागं धुलाईघरातली उरलेली मंडळी, आणि एका बाजूला घरची माणसं. पडदा म्हणजे आपल्याच चादरी, शिवून जोडलेल्या. रेडिओ बाजूला दोरी धरून उभा. फोन वाजवला, लिफ्ट आणली, घंटा दिली. सगळं बिनचूक. कुणीही मान वळवून बघितलं नाही, हा फोन कुठून आला. खरा वाटला ना! खरा वाटला हीच चूक झाली, असं रेडिओला वाटलं. खोटा वाटला असता तर निदान कुणी हसलं तरी असतं.

प्रसंग रंगत गेला. लेक ओरडली, वॉर्डातली माणसं खिडकीभोवती गोळा झाली, एकावर एक आवाज चढले. मध्ये मौनी, हातात चादर. तो आता बोलणार होता. सगळं सभागृह थांबलं होतं. आणि नेमकी तेव्हा रेडिओची नजर पडद्याच्या फटीतून घरच्या माणसांकडं गेली.

त्याची बायको पुढं वाकून बसली होती. पदराचं टोक मुठीत, तोंड जरा उघडं, आणि डोळ्यांत पाणी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं त्याच्याकडं बघून हसून हसून डोळे पुसले होते. पण असं श्वास धरून, दुसरं काही न दिसल्यासारखं, कधी बघितलं नव्हतं. आणि बघत कुणाकडं होती? जो भात मागत नाही त्याच्याकडं!

रेडिओच्या आत जे इतके दिवस साचलं होतं ते कुठून तरी बाहेर पडणारच होतं. हे नाटक मोडलं पाहिजे, आत्ता मोडलं पाहिजे, एवढंच त्याला कळलं. कसं, ते त्याच्या तोंडानं परस्पर ठरवलं.

"वाफ!"

काय सांगावं! रंगमंचावरची झाडून सगळी माणसं मागं सरली. नर्स झालेला पिंपवाला सरला, आया झालेली सरली, लेक झालेल्या मावशी तर अशा सरल्या, की त्यांची खोटी वेणी खिडकीत अडकून तिथंच लटकत राहिली. सभागृहात मागं बसलेली धुलाईघराची मंडळी खुर्च्यांसकट मागं गेली, तो खुर्च्यांचा एकच खडखडाट! डॉक्टरांनीही कारण न कळता पाय वर घेतले.

एकटा मौनी जागचा हलला नाही.

तो कसा हलेल? हाक झाली की त्यानं सरायचं नसतं. त्याचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, हवेत काहीतरी घट्ट धरलं, आणि सावकाश फिरवलं. रिकाम्या रंगमंचावर तो एकटा माणूस, सगळे त्याच्यापासून लांब गेलेले. त्यानं त्या लांब गेलेल्या माणसांकडं पाहिलं, चादर छातीशी धरली आणि म्हणाला, "माझ्या हातून गेली ही. दुसरी मी स्वतः घेऊन येतो."

 मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. रेडिओ दोरी ओढायची विसरला. शेवटी मावशींनीच जाऊन पडदा ओढला, वेणी हातात घेऊन.

बाई धावत आल्या त्या थेट रेडिओकडं. दोन्ही हात धरले. "कुठून सुचलं हो तुम्हाला? सगळं जग मागं सरतं आणि माणूस एकटा उरतो! मी इतकी वर्षं हे काम करते, मला नसतं सुचलं!" नर्सबाया आल्या. मोठे डॉक्टर आले. बायको आली, पदरानं डोळे पुसत. "अहो, तुमचं ते 'वाफ'! माझ्या अंगावर काटा आला."

बघा आता. ज्या कौतुकासाठी जीव जळत होता ते सगळं पायाशी येऊन पडलं, आणि रेडिओला ते उचलता येईना. त्यानं साडूचं नाटक मोडायला दगड मारला, आणि त्या दगडाचा साडूसाठी पुतळा झाला! तो नुसता म्हणाला, "हं."

बाई साहेबांना सांगत होत्या, की दुसऱ्या इस्पितळांची बोलावणी आहेत, सगळीकडं हे नाटक करू, आणि ती वाफेची हाक प्रत्येक वेळी हवीच.

"नाही," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून बघितलं, तर मौनी. साहेबांसमोर उभा, हातात अजून ती चादर.

"ती हाक नाटकात नको. आज मावशी न बघता मागं सरल्या. उद्या पुन्हा खोटी ऐकली तरी सरतील. पण सारखी खोटी ऐकली, तर एक दिवस आधी बघतील आणि मग सरतील. तोवर वाफ थांबत नाही, साहेब." त्यानं मावशींकडं पाहिलं. मग पुढं सांगितलं, "पाय मावशींचा भाजेल. हाक माझी असेल. म्हणून नको. नाटकाला दुसरं काहीतरी शोधू."

एवढं लांबलचक बोलणं त्यानं लग्नातही केलं नव्हतं. साहेबांनी बाईंकडं पाहिलं, बाईंनी मान हलवली. साहेब म्हणाले, "उद्यापासून खिडकीवर तुम्ही बसा." मग ते शिंकले, आणि या वेळी खरे साहेबच शिंकले.

घरी जाताना दोघं साडू बरोबर निघाले, बायका पुढं. रेडिओनं बराच वेळ चप्पल घासत काढला.

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय?"

"मी कशाला ओरडलो ते."

"भाऊ," मौनी म्हणाला, "तुमचा आवाज मी रोज ऐकतो. गमतीचा कसा असतो ते कळतं मला. रागाचाही कळतो." थोडं चालून तो म्हणाला, "ती हाक खोटी द्यायची नाही. एवढंच. बाकीचं आपण बघून घेऊ."

रेडिओला त्याचा इतका हेवा वाटला, की रडूच आलं. रागावलासुद्धा नीट नाही हा! रागावला असता तर बरोबरी तरी झाली असती.

मग नाटकासाठी दुसरं काय शोधायचं? बाईंनी रेडिओलाच विचारलं. रेडिओ म्हणाला, हाक नको असेल तर पाइपाचाच आवाज काढतो; हाकेच्या आधी पाइप काहीतरी बोलतो ना? पण तो काय बोलतो हे त्याला कुठं माहीत! इतकी वर्षं तो स्वतःच बोलत होता. म्हणून तो दुपारच्या सुट्टीत कॉकपाशी जाऊन बसायला लागला. खिडकीवर अजून जुना माणूस मौनीला काम समजावून देत होता, तो तिथून मोकळा झाला की मौनीही कॉकवर येई. दोघं शेजारी, दोघंही गप्प. मावशींनी लांबून बघितलं आणि पिंपवाल्याला म्हणाल्या, "रेडिओ बिघडला की काय?"

पाइप आधी कुरकुरतो. मग आत कुणी पाण्यात खडे टाकल्यासारखा टकटकतो. मग एकदम गप्प होतो, आणि त्या गप्प होण्याला भ्यायचं. ते गप्प होणंच सगळ्यात अवघड होतं. रेडिओनं कुरकुर उचलली, टकटक उचलली, पण गप्प राहायला त्याला फार दिवस लागले. पुढच्या इस्पितळात त्यानं तो पाइप पडद्यामागून वाजवला, टकटक थांबवली, आणि तोंड मिटून उभा राहिला. रंगमंचावरची माणसं एकेक करून मागं सरली. पुढच्या रांगेतले लोक माना वर करून छताकडं बघत होते, पाइप कुठाय म्हणून. बाई नंतर एवढंच म्हणाल्या, "या वेळी मला कळलं, वाफ निघाली कुठे." रेडिओला ते त्या दिवशीच्या सगळ्या कौतुकापेक्षा जास्त पचलं.

जुना माणूस निवृत्त झाला, मौनी कायमचा खिडकीवर गेला, आणि कॉकवर नवा माणूस हवा झाला. साहेबांनी मौनीलाच विचारलं, कोण बरा? मौनी म्हणाला, "आमचे भाऊ. त्यांना पाइप ऐकू येतो."

रेडिओ आधी भडकला. "मला? मुक्याच्या जागेवर? दिवसभरात एक शब्द बोलायचा?" मावशी म्हणाल्या, "बाकीचे आम्ही बोलतो तुझ्यासाठी, जा." तो गेला, पण तोंड पाडून. खिडकीकडं पाठ करून उभा राहिला. तिथून मौनीचा आवाज येत होता, एका नर्सबाईशी सावकाश बोलणारा, आणि नर्सबाईचाही आवाज हळूहळू खाली येणारा. वर पंखा फिरत होता. रेडिओला तो पंखासुद्धा बघवेना.

तेवढ्यात पाइप कुरकुरला. मग टकटक. मग गप्प.

रेडिओनं कॉक धरला. छाती भरली. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाचीही नक्कल न करता, ओरडला, "वाफ!"

पिंपवाला सरला. मावशी सरल्या, न बघता. रूळ चालवणारे, ढकलगाडीवाले, सगळे एकदम मागं. आणि तिकडं, इतक्या लांब खिडकीपाशी, जिथं वाफ कधी पोचतच नाही, तिथं नर्सबाईशी बोलता बोलता मौनी खुर्चीतून उठला आणि मागं सरला. नर्सबाई खिडकीत तशीच वाकून राहिली. लोट जमिनीवरून धावत गेला आणि विरला. रेडिओ एकटा आपल्या जागेवर होता, हात कॉकवर.

त्या संध्याकाळी घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. मावशी कशा सरल्या ते काढून दाखवलं, पिंपवाला कसा सरला ते दाखवलं, वाकून राहिलेली नर्सबाई तर इतकी हुबेहूब, की बायको भिंतीला टेकली. मौनीची तेवढी नक्कल केली नाही. तो मागं सरला, एवढंच सांगितलं. मात्र दोनदा सांगितलं.